टप काढलेल्या हेरल्डचा दरवाजा घासतो : बॉडीखालची रबरे गेली की चेसिस?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 1964 सालची, दोन दरवाज्यांची, 948 सीसी इंजिनाची स्टँडर्ड हेरल्ड मोटार आहे. वडिलांनी ती चाळीसगावच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून घेतली, तेव्हाच तिचे छप्पर काढून त्या जागी कॅनव्हासचा घडीचा हूड बसवलेला होता. हेरल्डचे छप्पर मुळातच बोल्टने बसवलेले असते, त्यामुळे त्या काळी पुष्कळांनी हौसेने ते उतरवले आणि लग्नाच्या वरातीसाठी गाडी उघडी केली. आमचीही त्यांतलीच एक.

गेल्या पावसाळ्यापासून चालकाच्या बाजूचा दरवाजा मागच्या वरच्या कोपऱ्यात खांबाला घासू लागला आहे. दरवाजा आणि मागचा खांब यांच्यातील फट वर जेमतेम 2 मिलिमीटर उरली आहे आणि खाली 9 मिलिमीटर झाली आहे. गतिरोधकावरून गाडी उतरली की आसनाखालून, किंचित उशिराने, धप्प असा आवाज येतो. चाळिसाच्या पुढे वेग नेला की दर्शनी काचेची चौकट डोळ्यांना दिसेल इतकी थरथरते. स्थानिक फिटरने बिजागऱ्यांच्या खिळी बदलून दिल्या, दरवाजा दोन दिवस बरा लागला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घासू लागला. दुसऱ्या एका मिस्त्रीने खाली वाकून पाहिले आणि आमच्या अहिराणीत निकाल दिला, "रबर मरी गयं, भाऊ."

बॉडी आणि चेसिस (गाडीची खालची लोखंडी चौकट) यांच्यामधील सगळी रबरे एकदम बदलून टाकावीत असा विचार आहे. ती कोणत्या जातीची घ्यावीत आणि बॉडी पूर्ण उतरवावी लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आखाजीला बहीण माहेरी येते आणि तिला या गाडीतून आणण्याचा शब्द दिलेला आहे.

पांझरा_जीप

भाऊ, रबरे मागवण्याची घाई करू नका. माझ्याकडे हेरल्ड नाही, जुनी उघडी जीप आहे, परंतु स्वतंत्र चेसिसवर बॉडी ठेवलेल्या सगळ्या गाड्यांचा हा आजार एकाच घरातला असतो. दरवाजा घासण्याची कारणे तीन असतात. बिजागरी झिजलेली असते, बॉडीखालचे पॅड, म्हणजे आपण म्हणता ते रबर, दबलेले असते किंवा खुद्द चेसिस वाकत असते. तिन्हींची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून आपल्या फिटरला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र तिन्हींचा खर्च आणि धोका यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

बिजागरीची परीक्षा सोपी आहे. दरवाजा अर्धा उघडा, मोकळ्या टोकाला धरून वर उचला आणि दुसऱ्याला बिजागरीजवळ बोट ठेवायला सांगा. दरवाजा हलला पण खांब स्थिर राहिला, तर बिजागरी गेली आहे. दरवाज्याबरोबर खांबही हलला, तर दुखणे खाली आहे.

त्यानंतर जॅकची परीक्षा करा. गाडी सपाट फरशीवर उभी करून दोन्ही दरवाज्यांच्या फटी चार-चार ठिकाणी मोजून लिहून ठेवा. मग मागच्या बाजूला चेसिसखाली, चुकूनही बॉडीच्या पत्र्याखाली नव्हे, जॅक लावून एक चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला आणि त्याच फटी पुन्हा मोजा. छप्पर नसलेल्या गाडीत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडणारच, कारण डब्याचे झाकण काढल्यावर डबा जसा पिळतो तशी ती पिळते. तीन-चार मिलिमीटर पडले, तर काहीतरी निश्चित सुटलेले आहे.

तरीही सुटले आहे ते रबर की लोखंड, हे जॅक सांगणार नाही. त्यासाठी मी सायकलचा स्पोक वापरतो. संशयित पॅडच्या शेजारी बॉडीच्या एखाद्या बोल्टला स्पोक घट्ट बांधावा, त्याचे टोक चेसिसच्या पट्टीला अलगद टेकेल असे वाकवावे आणि चेसिसवर तेवढ्या जागी चुन्याचा हात मारावा. मग गाडी खराब रस्त्यावरून दोन किलोमीटर फिरवून आणावी. चुन्यावर ओरखडा लांब उमटला, तर बॉडी चेसिसवर सरकते आहे, म्हणजे पॅड किंवा बोल्ट गेला आहे. ओरखडा जवळपास नाही आणि दरवाज्याची फट मात्र बदलते आहे, तर बॉडी आणि चेसिस दोघे मिळून वाकत आहेत. त्या स्थितीत जगातील उत्तमातील उत्तम रबर घातले तरी दरवाजा घासतच राहील.

सातपुडा_३९

धप्प आवाज इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या रबरांचाही असू शकतो. माझ्या गाडीत सायलेन्सरचा पाइप फरशीला आपटत होता आणि मी विनाकारण आसने काढून बसलो होतो. ते आधी पाहून घ्यावे.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

सातपुडा दादा, पाइप आणि इंजिनाची रबरे पाहिली, ती ठीक आहेत.

पांझरा दादांच्या सांगण्यानुसार रविवारी सकाळी सगळ्या परीक्षा केल्या. चुलत्यांच्या जिनिंगचे गोदाम सध्या रिकामे आहे, तिथली फरशी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासून घेतली. दरवाजा उचलला तेव्हा बिजागरी स्थिर राहिली आणि खांबच हलला. उजवे मागचे चाक उचलल्यावर वरची फट 2 वरून थेट शून्यावर आली, खालची 9 वरून 11 वर गेली. डाव्या बाजूला फरक मिलिमीटरभराचाच पडला.

चार ठिकाणी स्पोक बांधून गाडी पाचोरा रस्त्यावर नेऊन आणली. उजव्या बाजूला, दरवाज्याच्या मागच्या खांबाखाली जो पॅड आहे, तिथे चुन्यावर 5 मिलिमीटरचा, वेड्यावाकड्या रेघांचा पुंजका उमटला. डिकीखालच्या दोन्ही ठिकाणी ओरखडा नावालाच होता. कोड्यात टाकणारी जागा पुढची आहे. उजव्या पुढच्या खांबाखाली चुना जसाच्या तसा राहिला, परंतु तिथे डोळा लावून बसलो आणि भावाला मागचे चाक जॅकने वरखाली करायला सांगितले, तेव्हा चेसिसचा बाजूला आलेला हातच किंचित खाली झुकताना दिसला. म्हणजे रबरही गेले आणि लोखंडही, असा अर्थ घ्यावा का?

बॅटरीच्या उजेडात मागचा पॅड नीट पाहिला. तो भरिताच्या भाजलेल्या वांग्यासारखा कडेने बाहेर फुगून चिरलेला आहे, बोल्टच्या वायसरभोवती तांबूस भुकटी साचली आहे आणि वायसरखालचा पत्रा घासून चकचकीत झाला आहे. पॅडच्या चिरलेल्या कडेतून तारांची टोके बाहेर आलेली दिसतात. मूळ पॅडमध्ये तारा असतात का?

आउटरिगर

नाही, भाऊ. तारा आहेत म्हणजे कोणीतरी रेडियल टायरचा तुकडा कापून घातलेला आहे. टायरच्या पोटातील पोलादी तार कापलेल्या कडेने पाणी पिते, गंजते, फुगते आणि मग बॉडीचा पत्रा कानशीसारखा घासत राहते. तांबूस भुकटीचे कारण तेच असावे.

मी जळगावला चेसिस आणि ट्रॉल्यांच्या वेल्डिंगचे काम करतो, दोन हेरल्ड हाताखालून गेल्या आहेत. आपण जो झुकणारा हात पाहिला त्याला आउटरिगर म्हणतात. हेरल्डची चेसिस मधोमध दोन मुख्य दांड्यांची असून त्यांतून बाजूला हे हात निघतात, हातांच्या टोकांना बाजूची पट्टी जोडलेली असते आणि बॉडीचा मोठा भार या हातांवर येतो. ही गाडी इंग्लंडमध्ये 1959 मध्ये आली. त्या वेळी ती बनवणाऱ्या कंपनीला अखंड बॉडी बनवून देणारा पुरवठादार मिळत नव्हता, म्हणून बॉडीचे वेगवेगळे भाग करून ते बोल्टने एकमेकांना आणि चेसिसला जोडण्याची रचना केली गेली. पुढचा सांगाडा वेगळा, मागचा टब (मागच्या आसनाचा आणि डिकीचा भाग) वेगळा आणि छप्परही वेगळे. त्यामुळे या गाडीत दरवाज्याची फट कायम धरून ठेवणारा एकसंध पत्रा नाही. ती फट चेसिस, पॅड आणि त्याखालचे पत्र्याचे पॅकिंग मिळून ठरवतात. याच चेसिसची लांबी कमी करून 1962 मध्ये स्पिटफायर ही छोटी स्पोर्ट्स गाडी निघाली, तिला मात्र बाजूची पट्टी नाही, तिथे दरवाज्याखालचे सिलच, म्हणजे पत्र्याचे उंबरेच, भार घेतात. हेरल्डचे सिल भार घेत नाहीत, त्यामुळे ते चकचकीत दिसत असतील तरी त्यावर विसंबू नये.

आता काम. जुन्या पेचकसाचे टोक आउटरिगरच्या तळाला आणि मुख्य दांडीच्या सांध्याला दाबून पाहा. टण् असा आवाज आला तर लोखंड जिवंत आहे, बद्द आवाज आला किंवा टोक आत गेले तर पत्रा कुजलेला आहे. वरून चिखल आणि डांबरी रंगाचे जाड थर असतील तर तारेच्या ब्रशने खरवडल्याशिवाय तडा दिसणार नाही. आमच्याकडे आलेल्या दोन्ही गाड्यांत तडा सांध्याच्या वरच्या कडेला होता आणि खालून पाहणाऱ्या प्रत्येकाने तो चुकवला होता.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. उघड्या गाडीचे बॉडीचे बोल्ट सैल करण्यापूर्वी दोन्ही दरवाज्यांच्या चौकटीत आडवा अँगल बोल्टने बसवून घ्या. दरवाजा उतरवला की बिजागरीची आणि कुलपाच्या खिट्टीची भोके मोकळी होतात, तीच अँगलला वापरता येतात, वेल्डिंग लागत नाही. अँगल न लावता बॉडी उचलली तर पुढचा सांगाडा आणि मागचा टब जिथे तळाशी जोडलेले आहेत तिथे पत्रा घडी घेतो, आणि ती घडी पुन्हा उलगडत नाही.

रबरमिस्त्री

धागा वाचून राहवले नाही. साच्यात रबरी भाग पाडण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे.

खान्देशातील उन्हाळा रबराचा वैरी आहे. भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्या वेळी उन्हात उभ्या गाडीच्या फरशीखाली किती तापत असेल याचा विचार करा. साधे नैसर्गिक रबर उत्तम लवचीक असते, परंतु उष्णता, ओझोन आणि तेल तिन्हींपुढे ते लवकर हार मानते. ईपीडीएम हे कृत्रिम रबर ऊन आणि ओझोन छान सोसते, मात्र ऑइल किंवा डिझेल लागले की फुगते. निओप्रीन हे दुसरे कृत्रिम रबर दोन्ही बाजूंनी मध्यम आहे, म्हणून इंजिनाच्या जवळच्या दोन ठिकाणी मी निओप्रीन सुचवीन. कडकपणा शोअर ए मापावर 60 ते 70 च्या दरम्यान असावा. पॉलियुरेथेनचे पॅड हल्ली तयार मिळतात, ते बहुतेक 80 ते 90 चे असतात. ते दबत नाहीत हे खरे, परंतु रस्त्याचा प्रत्येक खडा ते थेट पत्र्यात पोहोचवतात.

जुना आणि आपल्याकडे सहज मिळणारा उपाय म्हणजे कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडा. दाळमिलमधून किंवा भंगारातून 10 मिलिमीटर जाडीचा, आत कापडाचे थर असलेला पट्टा मिळतो. त्या काळातील अनेक गाड्यांत मूळ पॅडच रबर चढवलेल्या कापडाचे असत, त्यामुळे हा उपाय जुगाड वाटला तरी मूळ रचनेच्या जवळचा आहे. फक्त दोन पथ्ये पाळा. पट्ट्यात पोलादी दोर नाहीत याची खात्री करा, आणि कापलेल्या कडांना पंक्चरचे सोल्युशन दोन हात लावून बंद करा, नाहीतर कापड त्या कडेतून पाणी ओढते आणि थर सुटतात.

पांझरा_जीप

रबरमिस्त्रींशी बहुतांशी सहमत आहे, पॉलियुरेथेनबाबत थोडा मतभेद नोंदवतो. माझ्या जीपला मी तेच लावले आहेत आणि सहा वर्षांत फट हललेली नाही. जीपला मुळातच आवाजाची लाज नाही, हा भाग वेगळा. हेरल्डसारख्या पातळ पत्र्याच्या गाडीला मीही ते लावणार नाही.

आणखी एक. काही गाड्यांच्या पॅडमध्ये वर-खाली दोन गाद्या आणि मधून पोलादी नळी असते. बोल्ट त्या नळीवर आवळला जातो, म्हणून रबर ठरावीक मापापेक्षा जास्त दबू शकत नाही. आपल्याकडे सपाट पॅड आहेत, तिथे अशी अडवणूक नाही. त्यामुळे पान्याला पाइप लावून बोल्ट आवळण्याची जी आपली सवय आहे, तिच्यामुळे नवे पॅड पहिल्याच दिवशी मरतात. पॅडची कड किंचित फुगलेली दिसली की हात थांबवावा आणि सुटू नये म्हणून नायलॉनचा लॉकनट वापरावा.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

तीन आठवडे धाग्यावर येऊ शकलो नाही, कारण संध्याकाळचा सगळा वेळ गाडीखाली गेला. झालेले काम सविस्तर लिहितो, चुकांसह.

आउटरिगर दादांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. उजव्या पुढच्या आउटरिगरच्या मुळाशी, मुख्य दांडीच्या सांध्यावर, वरच्या कडेला सुमारे 40 मिलिमीटर लांबीचा तडा होता. खालून दिसत नव्हता. वरून बोट फिरवले तेव्हा नखाला लागला. पेचकस मात्र कुठेही आत गेला नाही, एवढे नशीब.

काम सुरू करण्याआधी बॅटरी, अर्थची पट्टी, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची जोडणी आणि स्टिअरिंगच्या दांड्याची पकड सोडली. पेट्रोलची टाकी या गाडीत डिकीतच असते, म्हणून ती रिकामी करून वेल्डिंगपूर्वी गोदामाबाहेर नेऊन ठेवली. इतके सगळे आठवले आणि ब्रेकची नळी विसरलो. तिचे एक टोक इंजिनामागच्या पत्र्याच्या पडद्यावर असते आणि दुसरे चेसिसवर. बॉडी 6 मिलिमीटर वर आली तेव्हा भावाने "थांब" म्हणून ओरडून सांगितले, कारण नळी वीणेच्या तारेसारखी ताणली गेली होती. चेसिसवरच्या तिच्या दोन पकडी सोडल्यावर तिला पुरेशी ढील मिळाली. हे काम करणाऱ्याने एक माणूस केवळ पाहण्यासाठी उभा ठेवावा.

बोल्टना तीन दिवस डिझेल आणि गिअरऑइलचे मिश्रण पाजले. रबरे फेकायचीच होती म्हणून डिझेल चालले. बोल्ट 5/16 इंचाचे, युएनएफ या बारीक इंची आट्यांचे आहेत, म्हणजे एका इंचात 24 आटे. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, त्यामुळे 8 मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट भोकात सहज जातो, पहिले दोन आटे धरतो आणि मग नट कायमचा खराब करतो. आमच्या गाडीत एका ठिकाणी पूर्वी कोणीतरी हेच केलेले होते. पानाही अर्ध्या इंचाचाच लागतो. 13 चा पाना बसतो, परंतु गंजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करून टाकतो. मी दोन डोकी गोल केल्यावर जळगावला जाऊन इंची पान्यांचा संच आणला.

मागच्या टबातील एका बोल्टचा वरचा नट त्याच्या पिंजऱ्यात गरगर फिरू लागला. आसनाखालच्या फरशीत आगपेटीएवढी खिडकी कापून तो पकडावा लागला. नंतर नवा नट वेल्ड करून खिडकी त्याच तुकड्याने बंद केली.

दरवाजे उतरवून 25 मिलिमीटरचे अँगल दोन्ही चौकटींत बसवले. एका वेळी एकच बाजू सैल केली, दुसऱ्या बाजूचे बोल्ट केवळ दोन आटे ढिले ठेवले. जॅकवर बाभळीचा जाड पाट ठेवून तो फरशीच्या मजबुतीच्या पट्टीखाली लावला आणि बॉडी एकूण 12 मिलिमीटर उचलली. जुने पॅड काढताना प्रत्येकाला खडूने क्रमांक घातला आणि त्याच्या खालचे पत्र्याचे पॅकिंग त्याच्यासोबत तारेने बांधून ठेवले. ही सवय उपयोगी पडली, कारण पॅकिंगची जाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी निघाली. कुठे एक पत्रा होता तर कुठे तीन.

जुन्या पॅडची मापे घेतली. डाव्या बाजूचे पॅड 8 ते 9 मिलिमीटर जाड होते. उजव्या मागच्या खांबाखालचा टायरचा तुकडा एका कडेला 4 आणि दुसऱ्या कडेला 6 मिलिमीटर भरला, आणि बोल्टचे भोक लांबट होऊन अंड्यासारखे झाले होते.

तडा आधी दुरुस्त केला. बॉडीचा भार आउटरिगरवरून उतरलेला असताना त्याखाली वेगळा जॅक लावून, डाव्या आउटरिगरच्या उंचीशी पाण्याच्या नळीने जुळवून घेतले. उजवा 3 मिलिमीटर खाली बसलेला होता. जुळल्यावर तड्याच्या दोन्ही टोकांना लहान भोके पाडली, म्हणजे तडा पुढे सरकत नाही, मग तो घासून भरला आणि मूळ पत्र्याच्याच जाडीची पट्टी वरून चढवली. वेल्डिंग आमच्या ओळखीच्या ट्रॅक्टर ट्रॉलीवाल्याने केले.

पॅड कन्व्हेयर पट्ट्याचेच घातले, इंजिनाजवळ दोन निओप्रीनचे. भोके पाडण्यासाठी ड्रिल वापरले तर कापड गुंडाळले जाते. पाइपच्या तुकड्याला धार करून तो हातोडीने ठोकला, तेव्हा भोक स्वच्छ निघाले.

सातपुडा_३९

सुंदर काम. दरवाज्याची फट जुळवताना पॅकिंग कुठे वाढवायचे हे कसे ठरवलेत? माझ्या गाडीत मी अंदाजाने पत्रे घालत गेलो आणि शेवटी डिकीचे झाकण लागेनासे झाले.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

दादा, मीही पहिल्या दिवशी असाच आंधळेपणाने सुरुवात करणार होतो. मग वहीत आकृती काढली.

दरवाज्याची फट वर कमी आणि खाली जास्त असेल, तर दोन्ही खांब माथ्याकडे एकमेकांवर झुकलेले असतात, म्हणजे बॉडीची मधली जागा खाली बसलेली असते. अशा वेळी मधल्या पॅडखाली, खांबांच्या पायथ्याशी, पॅकिंग वाढवायचे. याच्या उलट, फट वर जास्त आणि खाली कमी असेल तर टोके बसलेली असतात, तेव्हा डिकीखालचे पॅकिंग वाढवायचे किंवा मधले कमी करायचे.

किती वाढवायचे याचाही हिशेब करता येतो. आमच्या गाडीत मागच्या खांबाखालच्या पॅडपासून डिकीखालच्या शेवटच्या पॅडपर्यंत टेपने सुमारे 1300 मिलिमीटर भरले आणि त्याच पॅडपासून दरवाज्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची सुमारे 550 मिलिमीटर. म्हणजे खांबाखाली 3 मिलिमीटरचा पत्रा घातला की खांबाचा माथा साधारण सव्वा मिलिमीटर मागे जातो. वरची फट 2 वरून 5 वर आणायची तर मागचा खांब पायथ्याशी सात मिलिमीटर उचलायला हवा. त्यांतले पाच-सहा नव्या पॅडच्या जाडीनेच मिळाले, उरलेल्यासाठी दीड मिलिमीटरचा एकच पत्रा लागला. आउटरिगर सरळ केल्यामुळे पुढचा खांबही जागेवर आला. त्यामुळे ठरवल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्तच मिळाला, म्हणून तोच पत्रा काढून एक मिलिमीटरचा घातला.

एक अडचण सांगतो. मागचा टब फिरायला हवा असेल तर तो पुढच्या सांगाड्याला तळाशी जिथे बोल्टने जोडलेला आहे, ते बोल्टही ढिले करावे लागतात. मी ते विसरलो होतो. दोन पत्रे घालूनही फट हलेना, तेव्हा ते लक्षात आले.

आउटरिगर

आणि फट चारही चाके जमिनीवर असतानाच जुळवली ना? घोडीवर, म्हणजे टेकूंवर उचललेल्या गाडीत, जुळवलेली फट गाडी खाली उतरवली की बदलते.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

होय. चाके जमिनीवर, टाकी भरून पुन्हा जागेवर बसवलेली आणि चालकाच्या आसनावर गव्हाचे दीड पोते, म्हणजे माझ्याच वजनाइतके. अँगल काढून दरवाजे लावले, आधी मधले बोल्ट बोटाने, मग दोन्ही टोकांचे, आणि फट बरोबर आल्यावरच त्याच क्रमाने पान्याने आवळले. पांझरा दादांनी सांगितल्याप्रमाणे पॅडची कड किंचित फुगली की थांबलो.

लळिंगकर

तांत्रिक चर्चेत थोडे कागदोपत्री बोलतो. पन्नास वर्षांपुढील गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केंद्राने 2021 मध्ये आणले. व्हीए अक्षरांचा क्रमांक मिळतो, पहिल्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा ही अट आहे. आपण चेसिसवर पट्टी चढवलीत ती दुरुस्ती आहे, परंतु काढलेले छप्पर हा बदल आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे अशा बदलाची नोंद आरसीवर असावी लागते. ते आधी तपासून घ्या. जुने छप्पर कुठे जपून ठेवले असेल तर ते विकू नका.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

धन्यवाद, लळिंगकर काका. छप्पर गोठ्यावर आहे. म्हणजे अक्षरशः गोठ्यावर, वडिलांनी कडब्यावर पाणी पडू नये म्हणून घातले होते. ते उतरवून धुऊन ठेवले आहे.

पाचशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासले. मधल्या दोन बोल्टना जवळजवळ पाव फेरा घ्यावा लागला, बाकीचे जागच्या जागी होते. फट वर 5, खाली 6 मिलिमीटर आहे. जॅकच्या परीक्षेत आता फरक एक मिलिमीटरचा पडतो, स्पोकचा ओरखडा दिसतच नाही. धप्प आवाज गेला. दर्शनी काचेची चौकट साठच्या वेगाला अजून थोडी थरथरते, परंतु छप्पर नसलेल्या गाडीला तेवढे माफ आहे असे मी धरतो.

बहिणीला आखाजीला चाळीसगावहून याच गाडीने आणले. एरवी दार आपटून लावायची सवय असलेल्या तिने या वेळीही ते आपटलेच, आणि ते पहिल्याच फटक्यात लागल्यामुळे स्वतःच दचकली. आता डाव्या दाराची काच खडखडते म्हणते आहे. काचेच्या खाचेतील फेल्टची पट्टी कुठे मिळेल हे कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.